याकोबाचे दोन समेट

कुलपती याकोब मिसर देशात १४७ वर्षांचा होऊन मरण पावला. त्याचे पुष्कळ आयुष्य भांडणात व ती मिटविण्यात गेले.

पहिले भांडण त्यानेच उपस्थित केले. वडील भाऊ एसाव भुकेला आला असता त्याने डाळीच्या वरणावर त्याचा ज्येष्ठपणाचा हक्क घेतला, आणि पुढे करडांची कातडी हातांना गुंडाळून दृष्टी गेलेल्या बापाकडून आशीर्वादही चोरला. बापाच्या शोकाचे दिवस आले म्हणजे ह्याला ठार मारावे, असे एसावाने मनात धरिले.

याकोब हारानास लाबानमामाकडे पळाला. तेथे फसविणाऱ्यास फसविणारा भेटला. १४ वर्षे दोन मुलींसाठी व ६ वर्षे कळपासाठी चाकरी झाली. वेतन दहादा बदलले. शेवटी तो न सांगता निघाला आणि लाबानाने त्याला गिलाद डोंगरावर गाठले.

तेथील करार पाहण्याजोगा आहे. प्रथम दोघांनी आपापली गाऱ्हाणी तोंडावर मांडिली. मग धोंड्यांची रास करून तिच्याजवळ ते जेवले. याकोबाने लाबानाच्या मुलींस छळू नये, दुसऱ्या बायका करू नयेत, आणि वैरबुद्धीने कोणी ती रास ओलांडू नये, एवढ्याच अटी. एकाने अरामी भाषेत व दुसऱ्याने इब्रीत, पण दोघांनी तिला साक्षीची रास हेच नाव दिले. त्या ठिकाणाचे दुसरे नाव मिस्पा, म्हणजे पहाऱ्याची जागा. विलायतेत पूर्वी हा शब्द प्रेमाची खूण म्हणून अंगठ्यांवर कोरीत असत! वास्तविक एकमेकांचा भरवसा नसलेल्या दोघांनी देवाला पहारेकरी नेमिले होते. तथापि सकाळी लाबान मुलींचे व नातवंडांचे मुके घेऊन घरी गेला, आणि ती सीमा मोडल्याचे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.

एसावाकडे जाणे अधिक कठीण, कारण येथे अपराधी याकोबच होता. भाऊ ४०० माणसांसह येत आहे हे ऐकून तो फार भ्याला. त्याने प्रार्थना केली व साडेपाचशेहून अधिक जनावरे, कळपाकळपांत अंतर ठेवून, पुढे पाठविली. यब्बोकाकाठच्या झोंबीनंतर लंगडत जाऊन त्याने सात वेळा भूमीपर्यंत नमन केले. एसाव धावत येऊन गळ्यात पडला, दोघेही रडले. एसाव भेट घेईना, तेव्हा याकोबाने आग्रह करून ती घ्यावयास लाविली. मूळ इब्रीत त्या आग्रहाच्या बोलण्यात भेटीसाठी आशीर्वाद हाच शब्द आला आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

तरी एसाव सोबत चालू म्हणाला, तेव्हा याकोबाने लेकरे कोवळी आहेत असे सांगितले, सेईरास मागून येतो म्हणाला, आणि सुक्कोथास जाऊन घर बांधिले. त्याची भीती अजून पुरती गेली नव्हती, असे मला वाटते.

पुढे इसहाक १८० वर्षांचा होऊन मेला. एसावाने ज्यांची वाट पाहिली होती ते शोकाचे दिवस आले, आणि दोघा भावांनी मिळून बापाला मूठमाती दिली.