तर्कशास्त्राचा तास आणि आगरकर

गेल्या महिन्यात अकरावीच्या वर्गातले आम्ही चौघे मित्र बऱ्याच वर्षांनी एकत्र बसलो. गुडघेदुखी, पेन्शन, नातवंडे आटोपल्यावर विषय तर्कशास्त्राच्या सरांवर आला. सर्व माणसे मर्त्य, सॉक्रेटिस माणूस, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य, हे आम्ही एका सुरात म्हटले आणि हसलो. मग एकाला आठवले की, हाच विषय आगरकर फर्ग्युसनमध्ये शिकवीत, हे सांगताना सर हातातला खडू खाली ठेवीत.

गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मले. घरी दारिद्र्य. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण झाली. डेक्कन कॉलेजात असताना एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालीत. एम. ए. होऊन मोठा पगार सहज मिळाला असता. पण आपण त्या वाटेला जाणार नाही, हे त्यांनी आईला पत्राने आधीच कळवून टाकले आणि न्यू इंग्लिश स्कूलची मास्तरकी पत्करली. जन्मभर बँकेच्या पगारावर जगलेल्या मला ते पत्र नेहमी अस्वस्थ करते.

१८८१ साली ते 'केसरी'चे संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तिथे 'हॅम्लेट'चे भाषांतर केले. ते 'विकारविलसित' छापून आल्यावर त्यावर सविस्तर टीका लिहिली ती त्यांच्याच शाळेच्या हरि नारायण आपटे या विद्यार्थ्याने! विचार करायला शिकविणाऱ्या शाळेला याहून मोठी पावती कोणती? पुढे १८८८ साली आगरकरांनी 'वाक्यमीमांसा' लिहिली. वाक्याचे पृथक्करण करणारा हा माणूस रूढीचेही तसेच पृथक्करण करी. जुने आहे म्हणून योग्य, हे अनुमान त्यांना मान्य नव्हते. बालविवाह, केशवपन यांवर 'सुधारक'मधून त्यांनी कोरडे ओढले. विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. टिळकांशी मैत्री तुटली. मात्र स्वतःच्या पत्नीच्या देवधर्मात त्यांनी कधी आडकाठी केली नाही. १८९२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले तेव्हा दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षेही पुरी होण्याआधी, ते गेले. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी स्वतःच बाजूला काढून ठेवले होते.

हे सारे मला बारावीतच ठाऊक होते. तर्कशास्त्रात वर्गात पहिला होतो. तरी बहिणीच्या लग्नात, तिला लहानाची मोठी करणारी माझी विधवा आत्या हळदीच्या वेळी कोठीच्या खोलीत बसून राहिली आणि मी गप्प राहिलो. आईला वाईट वाटेल, अशी मी मनाची समजूत घातली. आईला मी विचारलेच नव्हते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, ती बातमी वाचताना मला ती खोली आठवली. तोवर आत्या जाऊन बरीच वर्षे झाली होती.

त्या दिवशी मित्रांना मी हे सांगितले. कोणी काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात आमच्यातल्या एकाच्या मुलीचे लग्न आहे. निघताना तो चपला घालता घालता थांबला आणि म्हणाला की, हळदीला वहिनीला पुढे बसवायचे, हे आज रात्रीच आईशी बोलतो.