टाळमृदंगातील नाताळ

नाताळ म्हटला की विलायती चालीची गीते आणि पियानोचे सूर आठवतात. परंतु अभंगाच्या वळणाची, टाळमृदंगावर शोभणारी ख्रिस्तभजनेही महाराष्ट्रात आहेत. एकादशीला भजनात रात्र जागविणाऱ्या पांढरकवड्याच्या रसिकांना ती परकी वाटणार नाहीत. ती रचणारे कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली तीही आपल्या नागपूरच्या वास्तव्यातच.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. भक्तिकाव्याची गोडी त्यांना मातोश्री जानकीबाईंकडून लाभली. संस्कृतात व्युत्पन्न झालेले टिळक पुढे नागपुरास आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने ग्रंथकार्य करू लागले. धर्मचिंतनासाठी ‘ऋषी’ हे मासिकही त्यांनी चालविले. १८९३ साली राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीस न कळविता.

लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. कडक सोवळे पाळणारी ती साध्वी काही वर्षे पतीपासून दुरावली. पुढे त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीकडे परतल्या, तेव्हाही प्रथम आपले सोवळे सांभाळूनच राहिल्या. १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या दुराव्याचे दुःख ज्यास जाणून घ्यावयाचे असेल, त्याने त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत.

धर्म बदलला, पण टिळकांच्या भक्तीची बोली बदलली नाही. मराठी ख्रिस्ती उपासनेत तोवर परकीय गीतांची भाषांतरे पुष्कळ होती. शब्द आपले, पण चाल विलायती, त्यामुळे ती अंगी लागत नसत. टिळकांनी शंभराहून अधिक भजने रचली आणि ख्रिस्तचरित्रावर कीर्तने केली. आपण ख्रिस्तापाशी तुकोबांच्या वाटेने आलो, असे ते मोकळेपणे मानीत. आमच्या मते ह्या भजनांचे मर्म तेथेच आहे. पांडुरंगाला माउली म्हणण्याची सवय असलेल्या कानांना त्यांतील आर्तता सहज ओळखू येते.

१९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ ह्या महाकाव्याचे अवघे काही अध्याय तोवर लिहून झाले होते. पुढील लेखणी हाती घेतली ती लक्ष्मीबाईंनी, ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर पतीनेच करून दिली होती.