पंडिता रमाबाई

पळसदेवहून पुण्याकडे जाताना वाटेत दौंड तालुका लागतो. त्यातील केडगाव हे गाव पंडिता रमाबाईंच्या सेवाकार्याने प्रसिद्ध झाले.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. मुलींनी शिकू नये असे लोक मानीत. तरी आईने त्यांना संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळात आईवडील निवर्तले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरविले. १८८२ मध्ये पती वारले, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा तान्ही होती.

घरातील छळाची त्या काळी बाहेर वाच्यता होत नसे. देशभर हिंडताना रमाबाईंनी तो पाहिला होता. १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी बालवधू, सासुरवाशीण व विधवा यांची दुःखे क्रमाने मांडली. खानेसुमारीचे आकडे देऊन त्यांनी दाखविले, की देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया ५० लाखांहून अधिक कमी आहेत.

परंतु नुसत्या लिहिण्याने निराश्रितांना आसरा मिळत नाही. म्हणून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. त्या मुलींनाही ख्रिस्ती करतात, असा आक्षेप निघून १८९३ मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. तरी रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो अनाथ स्त्रिया व मुली त्यांनी केडगावी आणल्या. तेथील मुक्तिसदनात त्यांना अन्न मिळाले, विद्या मिळाली आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्यासाठी उद्योगही मिळाला. ५ एप्रिल १९२२ रोजी तेथेच रमाबाईंचे देहावसान झाले.