लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव



आमचे घर लोहाराचे. माझे बाबा विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवतात. यंदा एका व्यापाऱ्याने एकदम शंभर खुरपी मागितली. बाबांनी रात्रंदिवस घाई केली, पण पात्यांना पाणी नीट बसले नाही. निम्मी खुरपी परत आली. थोडीच करावीत पण चांगली करावीत, असे आईचे म्हणणे. थोड्यावर घर चालत नाही, असे आजोबांचे म्हणणे. मला तर दोघांचेही खरे वाटले. तेव्हा गुरुजींनी मला लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र वाचायला दिले. तेच मी इथे सांगतो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. लहानपणापासून त्यांना चित्रकलेचा आणि यंत्रांचा नाद. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण त्यांना सगळे रंग नीट ओळखता येत नव्हते. रंग सुटले, मात्र रेघ सुटली नाही. ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेली, म्हणून त्यांनी नोकरी सोडली.

बेळगावला रामुअण्णा या भावासोबत त्यांनी आधी सायकलींचे दुकान चालवले. मग कडबा कापायचे यंत्र केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. तरी त्यांनी हाय खाल्ली नाही.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला. तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथे नांगर झाले, उसाचे चरक झाले, पंपही झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले.

मला यात एक गोष्ट लई आवडली. लक्ष्मणराव आधी कारागीर होते, मग कारखानदार झाले. चित्र नीट काढले, साचा नीट केला, की एकासारखी एक वस्तू निघते. मग जास्त माल केला तरी तो बिघडत नाही.

मी खुरप्याचे चित्र मोजून काढले. बाबांनी त्याबरहुकूम पत्र्याचा नमुना कापला. आता सगळी पाती सारखी निघतात आणि वेळ वाचतो. तो वेळ बाबा पाणी द्यायला लावतात. परत आलेली खुरपी त्यांनी पुन्हा तापवून, पाणी देऊन फुकट बदलून दिली. व्यापाऱ्याला मात्र महिन्याला साठच मिळतील असे सांगितले. तो आधी कुरकुरला, पण पुन्हा आला.

आता आई आणि आजोबा दोघेही गप्प आहेत!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी