फितीवरचा वंश

आईच्या वहीतली अनारशांची कृती आमच्या घरात दोन प्रकारे वापरली गेली. सौ.ने ती वाचून अनारसे केले. पुतणीने मात्र एकही अनारसा न तळता ती उतरवून सासरी नेली. उतरवताना गुळाचे माप चुकले आणि आता त्या घरचे अनारसे तसेच होतात. जॉन फॉन नॉयमन यांचे नाव निघाले की मला ही वही आठवते.

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमध्ये एका सधन ज्यू बँकरच्या घरी जन्मलेला हा मुलगा १९३३ मध्ये प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीत प्राध्यापक झाला. क्वांटम सिद्धान्ताचे गणित, गेम थिअरी, संगणक ही यादी सर्वांना ठाऊक आहे. मला ओढ आहे ती त्यांच्या एका विलक्षण प्रश्नाची: यंत्राला यंत्र होईल का?

सप्टेंबर १९४८ मध्ये पॅसाडेनात त्यांनी तो मांडला. कारखान्यातून निघणारी वस्तू कारखान्याहून साधी असते; पोर काही आईबापांहून साधे नसते. मग हे जमते कसे? त्यांचे उत्तर असे, की यंत्राने स्वतःचे वर्णन फितीवर बाळगावे. एक भाग ती आज्ञा म्हणून वाचून नवा देह उभारील; दुसरा भाग अर्थाकडे ढुंकूनही न पाहता तिची नक्कल करून बाळाच्या हाती देईल. फितीतली चूक पुढच्या पिढीत उतरते; नक्कल करणारा भागच बिघडला तर वंश खुंटतो. वॉटसन-क्रिक यांची डीएनएची रचना प्रसिद्ध झाली ती १९५३ मध्ये, पाच वर्षांनंतर!

पुढे १९९४ मध्ये कार्ल सिम्स यांनी संगणकात आभासी प्राणी वाढवले. त्यांची शरीरे आणि चाल दोन्ही एकाच जनुकीय आराखड्यातून उमलली. वाचणे निराळे, उतरवणे निराळे, ही विभागणी तिथेही दिसते.

एक गोष्ट मात्र मला टोचते. वंश कसा चालतो हे सांगणारा हाच माणूस १९४५ मध्ये अणुबाँबसाठी जपानी शहरे निवडणाऱ्या समितीत बसला होता. थोरवी सांगताना हे गाळावे, असे मला वाटत नाही.

१९५५ मध्ये कर्करोगाचे निदान झाले. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी, वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात ते गेले. स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्रावरचे हस्तलिखित अपुरेच राहिले होते. आर्थर बर्क्स यांनी ते पुरे केले आणि १९६६ मध्ये छापले.