कै. राम गणेश गडकरी आणि उपहासाचे शस्त्र

तापीकाठच्या आपल्या कामरेजहून दक्षिणेची वाट धरली, की पूर्णा नदीच्या तीरावर नवसारी लागते. पारशी समाजाचे जुने ठाणे आणि जमशेदजी टाटा यांचे जन्मस्थान म्हणून हे गाव आपल्या विद्यार्थ्यांस परिचित असते. परंतु मराठी भाषेला हसावयास आणि हसता हसता विचार करावयास शिकविणारा एक थोर साहित्यिकही याच गावी जन्मास आला, ही गोष्ट मराठी घरांतूनही पुष्कळांच्या ध्यानी नसते. ते साहित्यिक म्हणजे कै. राम गणेश गडकरी. नवसारी हे त्या वेळी बडोदे संस्थानात मोडत असे. तेथे २६ मे १८८५ रोजी गडकऱ्यांचा जन्म झाला आणि त्यांच्या बालपणाची पहिली वर्षे याच गुजराती मुलखात गेली.

हे बालपण सुखाचे नव्हते. १८९३ साली, राम अवघा आठ वर्षांचा असताना, वडिलांचे निधन झाले. गोविंद नावाचा धाकटा भाऊही लहानपणीच देवाघरी गेला. पुढे कविता लिहिताना गडकऱ्यांनी गोविंदाग्रज, म्हणजे गोविंदाचा वडील भाऊ, असे टोपणनाव घेतले आणि त्या दिवंगत भावंडाचे नाव मराठी काव्यात अमर केले. शिक्षणासाठी ते पुण्यास आले व फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले; तथापि महाविद्यालयीन शिक्षण त्यांच्या हातून पुरे झाले नाही. पदवी नाही, पैसा नाही आणि वशिलाही नाही, अशा स्थितीत त्यांनी संसाराच्या वाटेवर पाऊल टाकले. ज्याच्या विनोदाने पुढे महाराष्ट्र लोटपोट झाला, त्याच्या पायाखालची जमीन ही अशी होती.

किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले. काही काळ त्यांनी ‘ज्ञानप्रकाश’ या वृत्तपत्रातही नोकरी केली. नाटक मंडळीत रंगभूमीचे अंतरंग त्यांस जवळून पाहावयास मिळाले, तर वृत्तपत्राच्या कचेरीत समाजाचे बहिरंग रोज नजरेखालून जाऊ लागले. या दोन्ही शाळांतून बाहेर पडलेल्या गडकऱ्यांनी तीन प्रकारचे लेखन केले. कवितेसाठी ते गोविंदाग्रज झाले. विनोदी लेखांसाठी त्यांनी बाळकराम हे नाव घेतले. आणि नाटके मात्र स्वतःच्याच नावाने लिहिली.

विनोदी लेखनात त्यांचे गुरू होते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. व्यवसायाने वकील असलेल्या कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ या लेखसंग्रहातून जुन्या रूढींची आणि अंध समजुतींची मार्मिक थट्टा केली होती. केवळ उपदेशाने माणसे सुधारत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. उपदेश ऐकताना माणूस कानांवर हात ठेवू शकतो. परंतु हसू आले, की तो हात आपोआप खाली येतो आणि नेमक्या त्याच क्षणी सत्य आत शिरते. उपहासाचे सारे सामर्थ्य या एका क्षणात साठविलेले आहे. गडकऱ्यांनी गुरूचा हा धडा घेतला आणि त्यास आपल्या अफाट कल्पनाशक्तीची जोड दिली.

बाळकरामाचे लेख वाचताना उपहासाची यंत्ररचना आपणास उलगडून पाहता येते. एक युक्ती अतिशयोक्तीची. समाजातील एखादी विसंगती सवयीमुळे कोणास दिसेनाशी झालेली असते. लेखक ती फुगवून इतकी मोठी करतो, की ती न दिसणे अशक्य व्हावे. दुसरी युक्ती भाषेच्या अदलाबदलीची. क्षुद्र गोष्ट भारदस्त भाषेत सांगितली, की तिचा क्षुद्रपणा उघडा पडतो. मुलीचे लग्न जमविणे ही त्या काळी पित्याच्या जिवावरची गोष्ट होती. हुंडा, मानपान, पत्रिका, मुलगी पाहण्याचे कार्यक्रम यांत कुटुंबे पिळून निघत. गडकऱ्यांनी तिंबूनानांच्या ठकीसाठी स्थळ शोधण्याच्या प्रसंगाला लढाईच्या मोहिमेचे रूप दिले. शत्रूचा मुलूख, पूर्वतयारी, चढाई, माघार अशा थाटात ही वरसंशोधनाची कथा चालते. वाचक पोट धरून हसतो. परंतु हसून झाल्यावर त्याच्या मनात एक प्रश्न उरतो. जे मंगलकार्य म्हणून मिरविले जाते, त्यास युद्धाची भाषा इतकी चपखल का बसावी? त्या काळच्या विनोदातील काही थट्टा आजच्या वाचकास रुचणार नाही, हे खरे. परंतु हा प्रश्न मात्र अजूनही शिळा झालेला नाही.

विद्यार्थ्यांनी तर ‘सकाळचा अभ्यास’ अवश्य वाचावा. घरातील मुले आपापले पाठ मोठ्याने घोकीत बसली आहेत आणि एकाचे वाक्य दुसऱ्याच्या वाक्यात मिसळून भलतेच अर्थ निर्माण होत आहेत, असा हा प्रसंग आहे. येथे हसू मुलांचे नव्हे, तर अर्थ न समजता पाठांतर करावयास लावणाऱ्या पद्धतीचे आहे. ‘कवींचा कारखाना’ या लेखात त्यांनी साचेबंद कवितेची खिल्ली उडविली. स्वतः कवी असून त्यांनी कवींनाही सोडले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जो स्वतःच्या जातीच्या दोषांवर हसू शकतो, त्यालाच दुसऱ्यांच्या दोषांवर हसण्याचा अधिकार प्राप्त होतो.

उपहासाचे हे शस्त्र त्याच काळात वृत्तपत्रांतही तळपत होते. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ साली ‘काळ’ हे साप्ताहिक काढले. परकीय सत्तेवर उघड टीका करणे धोक्याचे असल्यामुळे वरवर स्तुती आणि आतून निंदा अशा वक्रोक्तीने ते लिहीत. शब्द सरकारच्या गौरवाचे आणि अर्थ मात्र नेमका उलट! वाचकास तो कळे आणि तो मनाशी हसे. अखेर सरकारलाही तो कळला. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपावरून परांजप्यांस एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. नुसत्या गमतीसाठी कोणी कोणास तुरुंगात धाडीत नाही. हसण्याची सत्तेस भीती वाटते, याहून उपहासाच्या सामर्थ्याचा मोठा पुरावा कोणता असेल?

गडकऱ्यांनी परकीय सत्तेऐवजी घरातील शत्रूवर नेम धरला. ‘प्रेमसंन्यास’ (१९१२) या नाटकात त्यांनी विधवाविवाहाचा प्रश्न हाताळला, आणि ‘एकच प्याला’ या नाटकात मद्यपानाचा. या नाटकातील तळीराम हा दारुड्यांचे एक मंडळ स्थापन करतो. त्यास नाव देतो आर्य मदिरा मंडळ! समाजसुधारणेच्या सभांत शोभावी अशी भाषणे, नियम आणि चर्चा तेथे दारूच्या समर्थनार्थ चालतात. प्रेक्षागृह हास्याने दुमदुमून जाते. परंतु त्याच नाटकात सुधाकर हा बुद्धिमान वकील अपमानाच्या दुःखात पहिला प्याला ओठांस लावतो आणि बघता बघता त्याचे घर धुळीस मिळते. त्याची पत्नी सिंधू दळण दळून संसार ओढते. दारूच्या धुंदीत सुधाकराच्याच हातून तान्ह्या बाळाचा बळी जातो. शेवटी ती साध्वीही जाते. आता ज्या युक्तिवादांवर प्रेक्षक घटकेपूर्वी हसला, तेच आठवून त्याच्या अंगावर काटा उभा राहतो. आपल्या गुजरात राज्यात स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. कायदा बाटली अडवू शकतो. परंतु एकदाच घेऊन पाहू, असे म्हणणाऱ्या मनास अडविण्याचे काम असे नाटकच करू शकते.

उपहासाची दुसरी बाजूही गडकऱ्यांस ठाऊक होती, आणि ती त्यांनी ‘भावबंधन’ या अखेरच्या नाटकात दाखविली. धनेश्वराची कन्या लतिका आपल्या रूपाच्या आणि श्रीमंतीच्या तोऱ्यात घनश्यामाची मानहानी करते. तिला तो क्षणभराचा खेळ वाटतो. परंतु घनश्यामाच्या काळजात तो काटा खोल रुततो आणि तेथे सुडाचे विष साठू लागते. पुढे त्याच्या कारस्थानांनी दोन घरे होरपळून निघतात. घनश्याम खलपुरुष खरा. पण तो खल का झाला, हे गडकरी विसरू देत नाहीत. आयुष्यभर लोकांना हसविणाऱ्या लेखकाने हसण्याचेच असे भयंकर फळ दाखवावे, यात मोठा अर्थ आहे. तळीरामावर हसणे हा उपहास होय, कारण तो ज्याचे समर्थन करतो ते त्यास सोडता येण्यासारखे आहे. दुबळ्यास त्याच्या दैन्यावरून किंवा रूपावरून हसणे ही हेटाळणी होय, कारण त्यास ते बदलता येत नाही. पहिल्या हसण्याने दोष मरतो, दुसऱ्याने माणूस.

अतिश्रम आणि क्षयरोग यांनी गडकऱ्यांचे शरीर पोखरले होते. आजारामुळे ‘एकच प्याला’ची पदे त्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. विदर्भातील सावनेर येथे अंथरुणास खिळले असतानाही त्यांनी ‘भावबंधन’ पुरे करण्याचा ध्यास सोडला नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, तेथेच त्यांची प्राणज्योत मालवली. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता तोच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला आणि बालगंधर्वांनी सिंधूची भूमिका अजरामर केली. तो प्रयोग बडोद्यास झाला. ज्या संस्थानात या लेखकाने प्रथम डोळे उघडले, त्याच संस्थानाच्या राजधानीत त्याच्या सर्वश्रेष्ठ नाटकाचा पडदा उघडला. परंतु तो पाहावयास त्याचे डोळे उरले नव्हते.

गडकरी गेले, तरी त्यांचे हास्य गेले नाही. त्यांस गुरू मानणाऱ्या प्रल्हाद केशव अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाने मराठी कवितेतील ढोंगाचा समाचार घेतला, आणि पुढे ‘मराठा’ दैनिकातून तेच शस्त्र संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात परजले. असा हा वारसा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, हे शस्त्र केवळ लेखकांच्याच हाती असते असे समजू नका. ते तुमच्याही जिभेवर आहे. मधल्या सुट्टीत मित्राची नक्कल करताना, नव्याने आलेल्या मुलाच्या बोलण्यातील हेल उचलताना, भ्रमणध्वनीवरून कोणाचे चित्र इतरांस धाडताना तुम्ही ते रोज चालविता. अशा वेळी मनाशी एकच विचार करावा. आपण ज्यावर हसत आहोत, ते त्यास टाकता येईल काय? आळस, फुशारकी, ढोंग, नक्कल करून मिळविलेले गुण यांवर खुशाल हसा, आणि त्यांत स्वतःस वगळू नका. परंतु कोणाचे फाटके दप्तर, कोणाचा रंग, कोणाची अडखळणारी वाणी समोर आली, तर लतिकेचे स्मरण ठेवा आणि ओठांवर आलेली थट्टा तेथेच आवरा. असे आवरलेले हसू कोणास दिसत नाही. परंतु त्यामुळे वाचलेला मित्र जन्मभर आपला राहतो.