भरतीची वाट पाहणारा माणूस

समजा, तुम्ही कयाकमध्ये बसलाय. अंगात लाइफ जॅकेट, हातात वल्हं आणि समोर कॅनडातलं तादुसाक नावाचं टुमदार गाव. एका बाजूने सागने नदीचा फियॉर्ड येतो. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने खडक कापून केलेली आणि पुढे समुद्राच्या पाण्याने भरलेली खोल, अरुंद दरी. दुसऱ्या बाजूला सेंट लॉरेन्स नदीचं मुख. ते इतकं रुंद, की पलीकडचा काठ धूसर दिसतो. ही दोन्ही पाणी इथं एकमेकांना भिडतात. वेळ साधून वल्हं मारलंत तर सफर एकदम मस्त. वेळ चुकली तर ओहोटीचा ओढा तुम्हाला कुठल्या कुठे नेऊन सोडेल. म्हणूनच इथले गाइड हवामानाइतकाच भरती-ओहोटीचा तक्ताही बघतात.

चारशे वर्षांपूर्वी याच मुखाशी एक फ्रेंच माणूस येऊन उभा राहिला. त्याच्याकडे तक्ता नव्हता, नकाशाही धड नव्हता. त्याचं नाव सॅम्युएल द शाम्प्लेन. क्वेबेक शहर वसवणारा म्हणून तुम्ही त्याचं नाव कदाचित ऐकलं असेल. अमेरिका आणि कॅनडाच्या हद्दीवरच्या एका मोठ्या सरोवरालाही त्याचंच नाव आहे. पण या पठ्ठ्याची खरी गोष्ट त्या शहरात सुरू होत नाही. ती सुरू होते तादुसाकच्या पाण्यात.

मिठाच्या गावातला पोरगा

शाम्प्लेनचा जन्म १५७० च्या सुमारास फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रुआज इथं झाला. हे मिठाचा व्यापार करणारं बंदर. भरतीचं पाणी अडवायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ गोळा करायचं, हा तिथला धंदा. म्हणजे पाण्याचं चढणं-उतरणं त्याने पुस्तकात वाचलं नव्हतं, दारात बघितलं होतं. पुढे तिथं इतका गाळ साचला, की आज ब्रुआज समुद्रापासून आत, जमिनीवर आहे. बंदर गेलं, पण तिथला मुलगा जगाच्या नकाशावर राहिला.

मार्च १६०३ मध्ये तो फ्रान्समधून निघाला आणि २६ मे रोजी तादुसाकला पोचला. त्याच्याकडे कुठलं मोठं पद नव्हतं. बघायचं, मोजायचं आणि लिहून काढायचं, एवढंच त्याचं काम. आजच्या भाषेत म्हणाल तर इंटर्नच!

पाण्याखालचा उंबरठा

इथं पाण्याचं गणित जरा समजून घेऊ. सागनेचा फियॉर्ड सुमारे १०० किलोमीटर लांब आहे आणि काही ठिकाणी २७० मीटरच्या आसपास खोल. पण तोंडाशी मात्र पाण्याखाली एक उंबरठा आहे. तिथं खोली जेमतेम २० मीटर. बाहेर सेंट लॉरेन्सच्या तळाशीही समुद्रातून आलेला एक खोल दरीसारखा मार्ग आहे. तो नेमका याच भागात संपतो आणि तळ एकदम वर चढतो.

दिवसातून दोनदा भरती येते. तळाचं गार, खारं पाणी ती चढावर ढकलते, काही उंबरठ्यावरून फियॉर्डमध्येही लोटते. ओहोटी लागली की फियॉर्डमधलं वरच्या थराचं गोडसर पाणी जोरात बाहेर पडतं. उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. या घुसळणीतून खालचं गार पाणी वर येतं आणि त्यासोबत क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारीक जीवही गोळा होतात. ते खायला व्हेल येतात. पांढरेशुभ्र बेलुगा तर इथं बारा महिने असतात.

शाम्प्लेनला क्रिल माहीत नव्हते. पण इथला प्रवाह, वारा, धुकं आणि बंदराचा आडोसा याची नोंद त्याने बारकाईने केली. आणि एक गोष्ट त्याच्या लगेच लक्षात आली. इथल्या इन्नू लोकांच्या बर्चच्या सालीच्या होड्या, म्हणजे कनू, फ्रेंचांच्या जड नावांपेक्षा कितीतरी चपळ होत्या. वाटेत धबधबा आला तर ती होडी सरळ खांद्यावर घेऊन चालू लागायचं. या देशात आत शिरायचं तर इथल्या लोकांची होडी हवी आणि त्यांची सोबतही.

मैत्री झाली, पण दार उघडलं नाही

तादुसाकच्या समोर, सागनेच्या दुसऱ्या तीरावर इन्नूंचा मेळावा भरला होता. त्यांचा प्रमुख होता आनादाबिजू. २७ मे रोजी तिथं समझोता झाला. फ्रेंचांनी या भूमीत वस्ती करावी आणि इन्नूंना त्यांच्या शत्रूंविरुद्ध मदत करावी. तलवार न उपसता केलेला हा करार पुढे अनेक वर्षं टिकला.

पण ट्विस्ट इथंच आहे. शाम्प्लेन सागनेमध्ये काही अंतर आत गेला. पुढे मोठं सरोवर आहे, त्याहीपलीकडे उत्तरेला खाऱ्या पाण्याचा समुद्र आहे, असं त्याला कळलं. तो समुद्र म्हणजे आजचा हडसन उपसागर. हेन्री हडसन तिथं पोचला तो सात वर्षांनी! शाम्प्लेनला मात्र इन्नूंनी पुढे जाऊ दिलं नाही. वरच्या जंगलातून येणाऱ्या फरचा व्यापार त्यांच्या हातात होता आणि तो हातचा जाऊ द्यायला ते काही वेडे नव्हते. पाच वर्षांनी त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. ते सरोवर त्याने आयुष्यात कधी पाहिलं नाही. पहिला युरोपियन तिथं पोचला १६४७ मध्ये, शाम्प्लेनच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

अर्ध्या खंडाचे नकाशे काढणारा हा माणूस आपल्या पहिल्याच मुक्कामाच्या दारातून पुरता आत जाऊ शकला नाही. त्याने जबरदस्ती केली नाही. जे बघता आलं नाही ते त्याने विचारून घेतलं आणि ऐकीव माहितीवर नोंदी केल्या.

बेट चुकलं, मग मैफल जमली

पाणी ओळखणारा माणूसही फसतो. १६०४ मध्ये फ्रेंचांच्या एका तुकडीने सेंट क्रॉय नदीतल्या एका छोट्या बेटावर मुक्काम ठोकला. शाम्प्लेनही त्यात होता. बचावाला जागा झकास वाटली. हिवाळा आला आणि भरती-ओहोटीबरोबर बर्फाचे प्रचंड तुकडे नदीत वर-खाली फिरू लागले. होडी घालायची सोय राहिली नाही. लाकूडफाटा आणि गोडं पाणी पलीकडच्या काठावर, माणसं बेटावर अडकलेली. ताजं अन्न नाही, म्हणून स्कर्व्ही झाला. ७९ जणांपैकी ३५ गेले.

पुढच्या वर्षी मुक्काम हलला तो फंडीच्या उपसागराकाठी पोर्ट रॉयलला. जगातली सगळ्यात मोठी भरती याच उपसागरात येते. १६०६ च्या हिवाळ्यात तिथं शाम्प्लेनने एक भन्नाट युक्ती काढली. आळीपाळीने एकेकाने यजमान व्हायचं, शिकार करायची, मासे आणायचे, वाजतगाजत ताटं मांडायची आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. या मंडळाला त्याने आनंदमंडळ अशा अर्थाचं नाव दिलं. आपल्याला ही नुसती धमाल वाटेल. पण ताजं अन्न आणि हालचाल, दोन्ही त्यातून साधलं आणि उदास होऊन कोपऱ्यात बसणं थांबलं. गंमत म्हणजे चैन नसते, कधी कधी ती जीव वाचवते.

क्वेबेक आणि एक महागडी बाजू

जून १६०८ मध्ये तो परत तादुसाकला आला. मोठं जहाज तिथं ठेवलं आणि लहान नावेतून सेंट लॉरेन्समध्ये वर निघाला. भरतीबरोबर पुढे सरकायचं, ओहोटीला नांगर टाकून थांबायचं, असा हा प्रवास. तादुसाकची जमीन खडकाळ, वारा बोचरा. वस्तीला ती जागा योग्य नाही, हे त्याने ओळखलं होतं. नदी अरुंद होते तिथं, ३ जुलै रोजी, त्याने क्वेबेकची पायाभरणी केली. पहिल्या हिवाळ्यात २८ पैकी फक्त ८ माणसं वाचली. तो त्यांतला एक.

दुसऱ्या वर्षी दिलेला शब्द पाळायची वेळ आली. मित्रांच्या बाजूने तो इरोक्वाय लोकांशी लढायला गेला. पुढे ज्याला त्याचं नाव मिळालं, त्याच सरोवराकाठी त्याने बंदूक चालवली आणि त्यांचे प्रमुख पडले. लढाई झटक्यात जिंकली, पण इरोक्वायांशी लागलेलं फ्रेंचांचं वैर पुढे जवळपास शतकभर अधूनमधून पेटत राहिलं. आणि त्याने आणलेल्या वसाहतीने हळूहळू इन्नूंचीही जमीन गिळली. त्याला हिरो म्हणताना एवढं विसरू नका.

घरची बाजूही गुंतागुंतीची. १६१० मध्ये त्याचं लग्न झालं तेव्हा तो चाळिशीच्या आसपास होता आणि बायको एलेन १२ वर्षांची. ती क्वेबेकला चार वर्षं राहिली, परत गेली आणि त्याच्या मृत्यूनंतर नन झाली.

ज्याच्या हाती मुख, त्याच्या हाती नदी

१६२८ मध्ये इंग्रजांसाठी लढणारे कर्क बंधू आले. त्यांनी थेट क्वेबेकवर हल्ला केला नाही. तादुसाक ताब्यात घेतलं आणि फ्रान्सहून येणारी रसद अडवली. बस्स! वर क्वेबेकमध्ये लोक रानातली कंदमुळं खोदून खाऊ लागले. जुलै १६२९ मध्ये शाम्प्लेनने शरणागती पत्करली. नंतर कळलं, की दोन्ही देशांत तह होऊन तीन महिने उलटले होते. मग त्याने वसाहत परत मिळवण्याचा पिच्छा पुरवला. १६३२ च्या तहात ती परत मिळाली, १६३३ मध्ये तो परतला आणि २५ डिसेंबर १६३५ रोजी क्वेबेकमध्येच वारला. त्याची कबर नेमकी कुठे आहे, हे आज कुणालाच ठाऊक नाही. त्याचं म्हणून जे चित्र सगळीकडे छापलं जातं, तेही दुसऱ्याच माणसाचं आहे.

आता तुमची पाळी

पुढे जिथं फरचा व्यापार चाले, तिथं उन्हाळ्यात हवा खायला लोक येऊ लागले. १८६४ मध्ये तादुसाकला मोठं हॉटेल झालं. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन यांनी १८७३ मध्ये इथं उन्हाळी घर बांधलं. हेच डफरिन पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय होते आणि त्यांच्याच काळात, १८८५ मध्ये, मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली.

१९९८ पासून हा सगळा भाग सागरी उद्यान आहे. कयाकिंग करा, खडकावर बसून व्हेल बघा, फेरीबोटीतून फियॉर्ड ओलांडा. पण बेलुगा दिसला की बोट ४०० मीटर लांबच ठेवायची. सेल्फीसाठीही सूट नाही. पाणी तर ऐन उन्हाळ्यातही हात बधिर करणारं, म्हणून गाइड थांबा म्हणाला की थांबायचं.

आणि तादुसाकपासून थोड्याच अंतरावर, एसिपित इथं, इन्नू आजही राहतात. व्हेल दाखवायला पर्यटकांना समुद्रात नेण्याचा त्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे. कधी कुठपर्यंत जायचं, हे त्यांच्या बोटीवर आजही तेच ठरवतात.